कोरा रकाना आणि अभावाचा विचार

डेटाबेसमधला एखादा रकाना अनिवार्य ठरवला, की तो कोरा ठेवून नोंद साठवता येत नाही. एसक्यूएलच्या परिभाषेत हे ‘नॉट नल’ बंधन. माहिती हाताशी नसेल तर ती शोधून आणावी लागते, नोंद सोडून द्यावी लागते, नाहीतर काहीतरी भरून मोकळे व्हावे लागते. ही शेवटची वाट संगणकाच्या आधीपासून रुळलेली आहे. महाराष्ट्रातील जुन्या पिढीत कागदोपत्री १ जूनला जन्मलेली माणसे गावोगाव आढळतात. शाळेत नाव घालताना पालकांना जन्मतारीख सांगता येत नसे, रजिस्टरातला रकाना तर भरायचाच असे. मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरून जूनची पहिली तारीख लिहीत. रकाना भरला, पण तारीख माहीत नव्हती ही एकमेव खरी माहिती मात्र नोंदीतून गेली.

रिलेशनल डेटाबेसचा सिद्धान्त १९७० मध्ये मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी पुढे अशा जागांसाठी ‘नल’ आणि त्रिमूल्य तर्क पुरस्कारला. नलची तुलना कशाशीही, अगदी दुसऱ्या नलशीही केली, तरी उत्तर ‘खरे’ किंवा ‘खोटे’ येत नाही, ‘अज्ञात’ येते. त्यामुळे साठीपुढच्यांची एक आणि उरलेल्या वयांची दुसरी यादी काढली, तर वय न नोंदलेला माणूस दोन्हींतून गळतो. शिवाय न कळलेले मूल्य आणि मुळात लागूच नसलेले मूल्य या दोन्हींना एसक्यूएलमध्ये नल हे एकच चिन्ह आहे. विवाहिताच्या जोडीदाराचे नाव कळले नाही आणि अविवाहिताला जोडीदारच नाही, या दोन गोष्टी रकान्यात सारख्याच दिसतात. कॉड यांनी नंतर त्यांसाठी दोन वेगळ्या खुणा सुचवल्या. एसक्यूएलने त्या स्वीकारल्या नाहीत.

भारतीय दर्शनांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला. न्याय-वैशेषिक परंपरेने अभावाला स्वतंत्र पदार्थ मानून त्याचे चार प्रकार केले: निर्माण होण्यापूर्वीचा प्रागभाव, नाशानंतरचा प्रध्वंसाभाव, कधीच नसण्याचा अत्यंताभाव आणि एक वस्तू म्हणजे दुसरी नव्हे हा अन्योन्याभाव. अजून न दिलेला खातेक्रमांक आणि बंद झालेले खाते यांतला फरक पहिल्या दोन प्रकारांत बसतो. भाट्ट मीमांसकांनी अभाव कळण्याचे साधन म्हणून अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानले, पण त्याला अट घातली: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर तो नाही असे म्हणता येते. अंधारात म्हणता येत नाही.

या कसोटीवर ‘माहीत नाही’ हा वस्तूचा अभाव ठरत नाही, तो जाणणाऱ्याच्या ठायी असलेला ज्ञानाचा अभाव ठरतो. म्हणून रकाना अनिवार्य ठेवायला हरकत नाही. मात्र ‘माहीत नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘अजून ठरलेले नाही’ ही उत्तरेही त्यात वैध असली पाहिजेत. ती सोय नसलेले बंधन नोंद पूर्ण करते आणि खोटी करते.