विश्वास कोणी कोणावर ठेवायचा?

शंका : मिरजेला नर्सिंग शिकले आणि दोन वर्षांपूर्वी मंडळीच्या फिरत्या दवाखान्याबरोबर जत तालुक्यात सेवेला आले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची, पावसाळ्यात गाडी वस्तीपर्यंत जात नाही म्हणून चिखलातून पेटी उचलून चालायचं. ते सगळं सोसतं. पण गेल्या नाताळपासून प्रार्थनेला बसलं की मन कोरडं राहतं. पेशंटला ‘प्रभूवर भरवसा ठेवा’ म्हणताना स्वतःचाच आवाज परका वाटतो. हे ढोंग नव्हे का? सेवा सोडावी का?
— एक सेविका, जत तालुका

समाधान : ताई, आधी मला सांगा, सलग आठवडाभर नीट झोप कधी झाली होती? प्रश्न वरवरचा वाटेल, पण एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला बोल लावला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. पुढच्या वाटेचं बोलणं त्यानंतर झालं. तुम्हीही पाळकांशी मोकळेपणाने बोलून पंधरा दिवस घरी जाऊन या. थकव्याला अविश्वास समजून सेवा सोडण्याचा निर्णय घेऊ नका.

आता ढोंगाबद्दल. तीस वर्षांपूर्वी मी आटपाडीकडच्या एका गावात सेवेला होतो. एका आजोबांच्या पायाला मधुमेहाने जखम झाली होती आणि दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवसांत माझी प्रार्थना बंद पडली होती. एका खेपेला तर मी गेलोच नाही, खोलीत पडून राहिलो. पुढच्या वेळी गेलो, तर ओसरीवर पोत्याचा धुतलेला तुकडा अंथरलेला, शेजारी उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या, त्यावर ताटली झाकलेली. “आज येईन असं कसं वाटलं, आजोबा?” मी विचारलं. “येतोसच की,” ते म्हणाले आणि पाय पुढे केला.

पट्टी सोडताना माझे हात थरथरत होते. मी विश्वास स्वतःच्या मनात धुंडाळत होतो आणि तो ताटलीखाली झाकून माझी वाट पाहत होता. आपण विश्वास ‘ठेवतो’ म्हणतो. पण त्याआधी तो आपल्यावर ठेवलेला असतो. माझ्यासारख्या चुकणाऱ्या माणसावर एक म्हातारा भार टाकू शकतो, तर मीही कुणावर तरी भार टाकू शकेन, हे मला त्या ओसरीवर उमगलं. शंका घेणाऱ्या थोमा शिष्यालाही प्रभूची ओळख पटली ती जखमा दिसल्यावर.

तुम्ही जिथे शिकलात त्या मिरजेकडेच पाहा. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस 1889 मध्ये चोवीस वर्षांचे असताना सांगलीला आले आणि एक छोटा दवाखाना घेऊन बसले. 1892 मध्ये ते मिरजेला गेले, 1894 मध्ये रुग्णालय उभं राहिलं, 1897 मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू झालं. 1928 मध्ये ते निवृत्त झाले. एवढं काम उमाळ्याच्या भरात होत नाही. एकोणचाळीस वर्षं रोज सकाळी उठून रुग्णांसमोर जावं लागतं, मन भरलेलं असो वा कोरडं.

म्हणून एक करा. जे वाक्य आज तोंडात परकं वाटतं ते काही दिवस बोलू नका. त्याऐवजी म्हणा, “मी मंगळवारी येते.” आणि मंगळवारी जा. यात ढोंग नाही. ही प्रार्थनाच आहे.

शंका : आमचा मुलगा बँकेतली नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेला जायचं म्हणतो. सून गप्प आहे, नातू दुसरीत आहे. आम्ही अडवलं तर देवाच्या आड येतो का?
— आईवडील, सातारा

समाधान : तुमच्या साताऱ्यातच याचं उत्तर आहे. कवी नारायण वामन टिळकांनी पंचावन्नी ओलांडल्यावर, 1917 मध्ये, मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, ते गेले. या त्यागापुढे मान लवते.

पण याच टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला न सांगता. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू यांची त्यानंतर जी परवड झाली, ती लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचताना आजही घशाशी आवंढा येतो. पतीचा विश्वास त्यांनी उसना घेतला नाही. पुढे पतीबरोबर राहून, सोवळंओवळं एकेक करून मनातून उतरवत, 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन बाप्तिस्मा घेतला. 1917 मध्ये मात्र दत्तू जाणता झाला होता आणि लक्ष्मीबाई पतीच्या कार्यात बरोबरीने उभ्या होत्या.

मुलाला अडवू नका, पण सुनेला बोलतं करा. तिचं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. त्यागाचा अर्धा भार जिच्या खांद्यावर पडणार आहे तिला विचारल्यावाचून देवाचं बोलावणं पुरतं ऐकू आलं असं मी मानणार नाही. वर्षभराच्या खर्चाची तजवीज, नातवाची शाळा, तुमची औषधं, हे सगळं कागदावर मांडा. बोलावणं खरं असेल तर ते या हिशेबाने विझणार नाही.

शंका : 2019 च्या महापुरात आमच्या तरुण संघाने धान्याची पाकिटं वाटली. पुन्हा वेळ आली तर पाकिटात सुवार्तेची पत्रकं घालावी असं काहींचं म्हणणं आहे. योग्य आहे का?
— एक युवक, सांगली

समाधान : नाही. ज्याच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं आहे आणि चूल भिजली आहे, तो ‘नको’ म्हणायला मोकळा नसतो. ज्याला नकार देता येत नाही त्याच्याकडून मिळालेला होकार म्हणजे विश्वास नव्हे. पाकिटात तांदूळ, डाळ, काडेपेटी आणि मेणबत्त्या घाला. पाणी ओसरल्यावर गाळ उपसायला परत जा, कारण तेव्हा मदत करणारे पांगलेले असतात. कोणी आपणहून विचारलं, “तुम्ही परत का आलात?” तर लपवू नका, सांगा. आणि नाहीच विचारलं, तर खोरं उचला. गाळ अजून पुष्कळ असेल.