रथाची निवड

मोटार कोणती घ्यावी हा व्यवहाराचा प्रश्न आहे, नीतिशास्त्राचा नव्हे. तेव्हां त्याच्या चर्चेसाठीं मासिकाचीं पानें कशास हवींत, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. हा आक्षेप वरवर पाहतां बिनतोड दिसतो. किंमत, इंधनाचा खर्च, बसणाऱ्यांची संख्या व सामानाची जागा एवढें कागदावर मांडलें, कीं उत्तर आपोआप निघावें. पण ज्यास गाडी चालविण्याची मनापासून हौस आहे त्याचें उत्तर असें निघत नाहीं. त्याच्यापुढें एकाच किंमतीच्या दोन गाड्या उभ्या असतात. एक उंच, रुंद, चार दारांची, प्रशस्त डिकीची. दुसरी बुटकी, हलकी, दोन दारांची, पण स्टिअरिंग किंचित् फिरवितांच शिकविलेल्या घोड्याप्रमाणें वळणारी. बुद्धि पहिलीकडे बोट दाखविते, आणि मन दुसरीजवळून हलत नाहीं. प्रसंग क्षुल्लक खरा; परंतु मनुष्य आपल्या सुखाचा हिशेब कसा मांडतो व त्या सुखाचें मोल कोणाकडून वसूल करतो, हें मोठ्या प्रसंगांपेक्षां अशा क्षुल्लक प्रसंगींच अधिक स्पष्ट दिसतें. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कठोपनिषदांत श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग सांगितले असून, शहाणा मनुष्य पहिल्याचा व मंदबुद्धि मनुष्य दुसऱ्याचा स्वीकार करतो, असा तेथें निवाडा दिला आहे. हें द्वंद्व आपल्याकडे इतकें रुळलें आहे, कीं प्रशस्त गाडी म्हणजे श्रेय व चपळ गाडी म्हणजे प्रेय, असें समीकरण मांडून आपण नकळत मोकळे होतों. आम्हांस हें समीकरण घाईचें वाटतें. प्रशस्त गाडी घेणारा प्रत्येक जण विवेकानेंच ती घेतो असें थोडेंच आहे? शेजाऱ्याच्या गाडीहून आपली चार बोटें उंच असावी, लग्नमांडवापुढें ती उभी राहिली असतां लोकांनीं वळून पाहावें, ही देखील वासनाच. फक्त ती उपयुक्ततेचा अंगरखा घालून येते, एवढेंच. उलटपक्षीं, गाडी चालविण्याचा आनंद म्हणजे केवळ इंद्रियांचे चोचले, असेंही म्हणतां येत नाहीं. तो आनंद कोणत्या जातीचा, हें आधीं पाहिलें पाहिजे.

महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यान या कामीं उपयोगी पडेल. ऋतुपर्ण राजास एका दिवसांत अयोध्येहून विदर्भांत पोंचावयाचें होतें. त्याचा सारथि बाहुक, म्हणजे अज्ञातवासांतला नल, अश्वशाळेंत गेला आणि त्यानें जे घोडे निवडले ते दिसण्यांत कृश होते. असले अशक्त घोडे एवढा पल्ला कसे गांठणार, म्हणून राजा रागावला. राजानें आकारावरून परीक्षा केली, नलानें अंगच्या गुणांवरून केली. पुढें रथ असा धांवला, कीं राजाचें उत्तरीय खालीं पडलें व तें परत आणविण्याची गोष्ट त्यानें काढिली, तोंच तें एक योजन मागें राहिलें होतें. आणि तिकडे दमयंतीनें रथाच्या नुसत्या घोषावरून ताडलें, कीं हांकणारा नलच असला पाहिजे. नलाचें राज्य गेलें होतें, रूप गेलें होतें, नांव गेलें होतें. हातांतली विद्या तेवढी राहिली होती, आणि तिनेंच त्याची ओळख पटविली.

गाडी चालविण्याचा आनंद तो या विद्येचा आनंद होय. वळणापूर्वीं वेग किती उतरवावा, ब्रेक कोठें सोडावा, गिअर केव्हां बदलावा, चाकाखालचा रस्ता कोरडा कीं निसरडा, हें सारें तळहाताला व पाठीला कळत असतां मन क्षणभरही दुसरीकडे जात नाहीं. सफाईनें रंधा मारणाऱ्या सुतारास किंवा हात बसलेल्या तबलजीस जें समाधान मिळतें, त्याच कुळींतलें हें समाधान आहे. त्यास हलकें लेखण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

शिवाय हा आनंद उपयोगाचा जन्मशत्रु आहे असेंही नाहीं. १९५६ सालीं सुएझ कालव्याचा पेंच उद्भवून इंग्लंडांत पेट्रोलची टंचाई झाली. थोड्या तेलांत चार माणसें नेईल अशी लहान गाडी हवी झाली, आणि अलेक इसिगोनिस यांनीं रचिलेली ‘मिनी’ १९५९ सालीं बाजारांत आली. तिची लांबी अवघी दहा फूट. इंजिन आडवें बसवून इसिगोनिस यांनीं बहुतेक सारी जागा माणसांसाठीं व सामानासाठीं मोकळी ठेविली. चाकें दहा इंचांचीं, तीं अगदीं चार कोपऱ्यांत नेलीं. काटकसरीसाठीं केलेल्या या रचनेमुळेंच गाडी वळणावर विलक्षण चपळ निघाली. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांस हा गुण दिसला. १९६१ सालीं ‘मिनी कूपर’ आली, आणि १९६४, १९६५ व १९६७ या सालीं मोंटे कार्लोची रॅली मिनीनें जिंकिली. कृश घोड्यांची कथा ती हीच. जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीनें १९७६ सालीं विक्रीस काढलेली ‘गोल्फ जीटीआय’ हेंही असेंच उदाहरण. साध्या कौटुंबिक गाडींत ११० अश्वशक्तीचें इंजिन घातलें होतें, व गाडीचें वजन आठशें किलोंच्या किंचित् वर होतें. अशा पांच हजार गाड्या काढाव्या एवढीच मूळ योजना होती. पण पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. मागलें दार उघडून वाणसामान भरावें, मुलांस मागें बसवावें, आणि एकट्यानें घाट चढतांना गाणें म्हणावें, असा दुहेरी लाभ हवा असणारे लोक किती होते, हें यावरून दिसतें.

सर्वांसच अशी तडजोड रुचत नाहीं. जपानच्या माझ्दा कंपनीनें १९८९ सालीं ‘एमएक्स-५’ नांवाची उघड्या टपाची गाडी पुढें आणिली, तींत आसनें दोनच. इंजिन १.६ लिटरचें, शक्ति बेताची, वजन कमी, डिकी लहान. घोडा आणि स्वार एकजीव व्हावे, हें जपानी सूत्र तिच्या रचनाकारांनीं डोळ्यांपुढें ठेविलें होतें. २०१६ सालापर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. या गाडीचा एक गुण आम्हांस विशेष वाटतो: तिसऱ्या माणसास येथें जागा नाहीं, ही गोष्ट ती मुळींच लपवीत नाहीं.

आतां मूळ हिशेबाकडे वळूं. हा हिशेब मांडतांना दोन्ही पक्ष एकच चूक करितात. ती ही, कीं दोघेही कल्पनेंतल्या दिवसांसाठीं गाडी घेतात. व्यवहारी म्हणविणारा मनुष्य वर्षांतून चार वेळां येणाऱ्या पाहुण्यांसाठीं सात आसनांची गाडी घेतो, व उरलेले दिवस सहा रिकामीं आसनें घेऊन कचेरींत जातो. हौशी म्हणविणारा तीनशें अश्वशक्ति विकत घेतो, व तींतली बहुतेक गर्दीच्या रस्त्यावर कधींच खर्च करूं शकत नाहीं. आणि जेव्हां ती खर्च करण्याची संधि तो साधतो, तेव्हां वेग दुप्पट झाला तर धडकेची ऊर्जा चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम त्याच्या हौसेसाठीं बाजूस सरत नाहीं. रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यानें त्याच्या आनंदांत कांहीं भागीदारी घेतलेली नसते. खरी गोष्ट अशी, कीं कौशल्याचा आनंद मध्यम वेगांतही हलक्या गाडींत मिळतो, आणि खरी गरज लहान गाडीनेंही बहुधा भागते. रोजच्या दिवसाकडे पाहून हिशेब केला, तर दोन बाजूंमधील अर्धें भांडण तेथेंच मिटतें.

परंतु अर्धें उरतें, आणि खरी अडचण त्या अर्ध्यांत आहे. गाडी बुटकी असली, तर गुडघे दुखणाऱ्या आईस तींतून उठतांना कोणाचा तरी हात धरावा लागतो. ती कडक स्प्रिंगांची असली, तर प्रत्येक खड्डा मागें बसणारीच्या कमरेस कळतो. चालविणारास मात्र रस्ता ‘जाणवतो’. मागलें आसन अरुंद असलें, तर मुलांचे पाय आंखडतात. दुकानांत उभा राहून घरधनी म्हणतो, ‘चालेल, थोडी अडचण सोसूं.’ या वाक्यांतला ‘आम्ही’ कोण? अडचण सोसणारे घरीं असतात, आणि आनंद घेणारा एकटा स्टिअरिंगपाशीं बसतो. आमच्या मतें निवाड्याची कळ येथें आहे. उपयोग श्रेष्ठ कीं आनंद श्रेष्ठ, हा वाद व्यर्थ होय. मोटारीच्या बाबतींत उपयोग बहुधा दुसऱ्यांचा असतो व आनंद आपला असतो; म्हणून विचारावयाचें तें एवढेंच, कीं माझ्या आनंदाची किंमत कोण देतो?

ती किंमत मी स्वतः देत असेन, तर त्या आनंदास कोणीं नांव ठेवण्याचें कारण नाहीं. दोन आसनांची गाडी घेणाऱ्या एकट्या मनुष्यानें सामान कमी न्यावें, पावसांत टप बंद करण्यास धांवावें, इतर हौसा आवराव्या. तो आपल्या खिशांतून व आपल्या गैरसोयींतून पैसे मोजीत आहे. चार माणसांच्या घरांत हाच मनुष्य तीच गाडी एकमेव म्हणून घेईल, तर तो दुसऱ्यांच्या खिशांत हात घालीत आहे.

यावर कोणी म्हणेल, मग गृहस्थानें हौस जाळून टाकावी कीं काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. जळफळत केलेला त्याग हाही एक कर आहे, व तोही घरच्यांसच भरावा लागतो. ‘तुमच्यासाठीं मी माझी गाडी सोडली’ हें वाक्य दर सहा महिन्यांनीं ऐकण्यापेक्षां अरुंद आसन पुष्कळ बरें, असें एखादी गृहिणी म्हणेल व तें खोटें असणार नाहीं. चौघांच्या घरांत एकाच्या आनंदाची गणना एक म्हणूनच व्हावी. शून्य म्हणून नव्हे, आणि चार म्हणूनही नव्हे. तसा विचार केला तर वाटा निघतात: गोल्फसारखी मधली गाडी, मुलें मोठीं होईपर्यंत थांबणें, किंवा आहे तीच साधी गाडी नलाच्या हातानें हांकणें. या शेवटल्या वाटेस खर्च कांहींच नाहीं, तरी ती फार थोड्यांस सुचते.

असो. ज्या कठोपनिषदांत श्रेय आणि प्रेय यांचा भेद आहे, त्यांतच पुढें रथाचें रूपक आलें आहे: आत्मा रथी, बुद्धि सारथि, मन लगाम आणि इंद्रियें घोडे. त्या रथांत रथी एकटा आहे. आपल्या मोटारींत मागें आणखी कोणी बसलेलें असतें. म्हणून गाडी घेण्यापूर्वीं ती चालवून पाहण्याची जी चाल आहे, तींत आम्ही एक भर सुचवितों. पहिला अर्धा तास मनसोक्त चालवावी. नंतर किल्ली दुसऱ्याच्या हातीं देऊन स्वतः अर्धा तास मागल्या आसनावर बसावें. त्यानंतरही जी गाडी घ्यावीशी वाटेल, ती खुशाल घ्यावी.