काप्पेनबर्गचा किल्ला



सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ‘त्याग’ या एका शब्दावर तासन्‌तास वाद घालत असू. त्याग म्हणजे इच्छेचा नाश की इच्छेची शुद्धी? धर्मग्रामात आल्यावर कळले, की लोकांना हा प्रश्न पडतच नाही. त्यांचा प्रश्न वेगळा असतो: “फादर, वाटणीतला हक्क सोडला तर लोक मला खुळा म्हणतील ना?”

जर्मनीतील वेस्टफालिया प्रांतात एक तरुण सरदार होता, काप्पेनबर्गचा काउंट गॉटफ्रीड. जमीनजुमला, चाकर, सैनिक, टेकडीवर मजबूत किल्ला, राजघराण्याशी नाते, सारे काही होते. इ. स. ११२१ च्या फेब्रुवारीत सॅक्सनीचा ड्यूक लोथार याच्या बाजूने तो आणि त्याचा भाऊ ओट्टो म्युन्स्टर शहरावर चालून गेले. हकालपट्टी झालेल्या बिशपांना पुन्हा गादीवर बसवायचे, हे कारण. त्या लढाईत शहर पेटले आणि कॅथेड्रलही जळाले. बिशपांसाठी लढायला गेले आणि बिशपांचेच चर्च जाळून आले!

त्याच वर्षी त्याची भेट संत नॉर्बर्ट यांच्याशी झाली. नॉर्बर्टही सरदार घराण्यातलेच, दरबारातले सुखासीन जीवन सोडून आलेले. फ्रान्समध्ये प्रेमोंत्रे येथे त्यांनी नवा संघ नुकताच सुरू केला होता.

आता पाहा. गॉटफ्रीडला चर्चसाठी मोठी देणगी देऊन मोकळे होता आले असते. त्या काळी तशी रीतच होती, आणि आपल्याकडेही ती नाही असे नाही. भावाचा बांध कोरायचा आणि चर्चला पंखा द्यायचा, वर नावाची पाटी! गॉटफ्रीडने मात्र ज्या किल्ल्याच्या बळावर तो लढायला निघत असे, तो किल्लाच देऊन टाकला. ११२२ मध्ये तिथे मठ उभा राहिला. जर्मन भूमीवरचा या संघाचा तो पहिला मठ.

विरोध चहूबाजूंनी झाला. ओट्टो आधी तयार नव्हता, चाकरमाने चिडले. सर्वांत संतापले ते सासरे, आर्न्सबर्गचे काउंट फ्रीडरिश. नॉर्बर्ट आणि त्यांचे गाढव या दोघांना एकत्र टांगून कोण जास्त भरतो ते पाहीन, अशी धमकी त्यांनी दिल्याचे जुने चरित्र सांगते. ११२४ मध्ये ते वारले, तेव्हा कुठे हे वादळ शमले.

पण सासऱ्यांना केवळ खलनायक ठरवणे मला जमत नाही. त्यांच्या मुलीचा, युट्टाचा, संसार मोडत होता. पत्नीच्या संमतीशिवाय विवाहित पुरुषाला मठात जाता येत नाही, हा ख्रिस्तसभेचा नियम. युट्टाने संमती दिली आणि तीही धर्मभगिनी झाली. ती संमती किती मोकळ्या मनाने दिली असेल? दीर, नणंदा, नवरा, सगळे एकाच वाटेने निघालेले असताना एकट्या सुनेला ‘नाही’ म्हणणे किती शक्य होते? गॉटफ्रीडबद्दल मला आदर आहे, पण या ठिकाणी मी दरवेळी अडखळतो. घरातला कर्ता पुरुष दानशूर म्हणून मिरवतो आणि चुलीपाशी कोणीतरी मुकाट्याने त्याची किंमत मोजते, हे मी घरे आशीर्वादित करताना पाहिले आहे.

पुढचे आयुष्य थोडकेच. मठाजवळ त्याने गोरगरिबांसाठी रुग्णालय काढले आणि स्वतः तिथे हलकीसलकी कामे केली. ११२६ मध्ये नॉर्बर्ट माग्डेबुर्गचे आर्चबिशप झाले. त्यांनी गॉटफ्रीडला तिकडे बोलावले, पण आर्चबिशपांच्या दरबारी थाटात त्याचा जीव रमेना. १३ जानेवारी ११२७ रोजी इल्बेनश्टाट येथील मठात त्याने देह ठेवला. वय जेमतेम तीस.

काप्पेनबर्गच्या चर्चमध्ये चौदाव्या शतकातले एक शिल्प आहे. गॉटफ्रीड आणि ओट्टो शेजारी शेजारी उभे आहेत आणि दोघांनी मिळून चर्चची एकच छोटी प्रतिकृती हातात धरली आहे. आधी विरोध करणारा ओट्टो पुढे त्याच मठाचा प्रमुख झाला.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाचपासून मी प्रायश्चित्त संस्कारासाठी चर्चमध्ये असेन. त्यानंतर कुणाला भावाला घेऊन बोलायला यायचे असेल, तर मागच्या दाराने बंगल्यावर या. चहा ठेवतो. सातबारा आणायची गरज नाही.

तुमचा धर्मगुरू