वास्तुपुरुष आणि निळी रेषा

कोल्हापुरात मी वास्तुशांती सांगतो. पहिलं घर घेणारी जोडपी नकाशा पुढे ठेवून विचारतात, "गुरुजी, दार पूर्वेलाच आहे ना?" मी आधी पंचगंगा किती लांब आहे ते विचारतो. २०१९ च्या महापुरानंतर एका पूर्वाभिमुख घरात कुंकवाच्या स्वस्तिकावर गाळाची रेघ पाहिली. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट ही धोक्याची पातळी. नदी त्यापुढे गेली की दिशा पाहत नाही.

वास्तुशांतीत आपण भूमीची क्षमा मागतो. मग तिचा स्वभाव न पाहता घर घेणं ही श्रद्धा कशी? पूररेषेचा नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, महारेराची नोंदणी तपासणं हेही पूजेचंच अंग आहे. घर निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीलगतच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यात असेल, तर विसार देऊ नका.