साखर कोणासाठी?

गिरडच्या टेकडीवरील दर्ग्यामुळे बाबा फरीद हे नाव विदर्भात घरोघरी परिचित आहे. बालपणी त्यांची आई मुसल्ल्याखाली साखर ठेवून त्यांना नमाजची गोडी लावीत असे, अशी आख्यायिका सांगतात. तेथे साखर हे निमित्त होते, नमाज हे साध्य. ‘जीवनसत्त्वयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांत हा क्रम उलटतो: जीवनसत्त्व हे निमित्त, साखरेचा खप हे साध्य.

सूरह बकराच्या 168 व्या आयतीत अन्न हलाल आणि तय्यब, म्हणजे वैध व उत्तम, असावे असा आदेश आहे. काही मऊ गोळ्यांत जिलेटिन असते. ते कोणत्या प्राण्याचे, हा हलालचा प्रश्न. साखरेने दात किडतात आणि ‘अ’ जीवनसत्त्व अति झाल्यास शरीरात साठून अपाय करते, हा तय्यबचा. त्याच सूरहच्या 219 व्या आयतीत मद्यातील काही लाभ मान्य करूनही त्यातील पाप अधिक मोठे ठरविले आहे. साधी मिठाई अर्थातच हराम नव्हे. परंतु अल्प लाभाने वस्तू हितकर ठरत नाही, हा विवेक येथेही लागू पडतो.

म्हणून ईदला मुलांना मिठाई आनंदाने द्या, पण मिठाई म्हणूनच. पोषण मात्र पपई, अंडी, पालेभाजीतून द्या. संतान ही अल्लाहची अमानत आहे. गोडाला औषधाचे नाव देऊन तिची दिशाभूल करू नये.