प्रसूतीचे छायाचित्र कोणाचे?

महालातल्या आमच्या जुन्या घरात गेल्या वर्षी एक वाद झाला. भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एके दिवशी म्हणाली, "मामू, माझी मैत्रीण फोटो काढते. बाळंतपणाच्या वेळी तिला सोबत ठेवायचे आहे." बाळाला टोपी-झबले घालून काढतात तसे मांडलेले फोटो तिला नको होते. कळा, घाम, रडणे, बाळाचा पहिला श्वास, जसे घडेल तसेच हवे होते.

आपा, म्हणजे तिची आई, संतापली. "बेटा, जे झाकायचे ते झाकायचेच." मी आपाच्या बाजूने होतो. तेवढ्यात ऐंशी ओलांडलेली अम्मी म्हणाली, "माझा पहिला मुलगा मेलेला जन्मला. मला त्याचे तोंडही कोणी दाखवले नाही. तेव्हा तुम्ही झाकले, ते कोणासाठी?"

आम्ही सारे गप्प झालो. तो प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही.

सतर म्हणजे शरीराला परक्या नजरेपासून दिलेले संरक्षण. त्याचा अर्थ बाईचे दुःखही झाकावे, असा आपण कधीपासून घेऊ लागलो? कुरआनातील सूरह मरियममध्ये हजरत मरियमच्या प्रसववेदना आहेत, खजुराच्या बुंध्याचा आधार आहे, यापूर्वीच मरण आले असते तर बरे, ही व्यथाही आहे. तिथे देहाचे वर्णन नाही, पण वेदना लपवलेली नाही. हनफी फिकहने तर जन्माच्या बाबतीत एकट्या दाईची साक्षही ग्राह्य मानली. ज्या जागी पुरुषाला प्रवेश नाही, तिथे पाहणारी बाईच साक्षीदार. म्हणजे परदा आणि साक्ष यांचे वैर नाही.

छायाचित्रही अशी साक्ष देऊ शकते. १९५१ साली अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकात यूजीन स्मिथ यांनी मॉड कॅलन या कृष्णवर्णीय परिचारिका-सुईणीवर चित्रमालिका केली. दक्षिण कॅरोलिनातल्या गोरगरीब वस्त्यांत ती बाळंतपणे करीत असे. त्या मालिकेत एका प्रसूतीचीही चित्रे होती. वाचकांनी आपणहून पैसे पाठवले आणि १९५३ मध्ये तिच्यासाठी दवाखाना उभा राहिला. पण हेही खरे, की असे चित्र लाखो घरांत जाते आणि ते पाहणारे डोळे बाळंतिणीने निवडलेले नसतात. आज तर त्यासाठी साप्ताहिकाचीही गरज नाही. नवऱ्याचा मोबाईल पुरतो.

म्हणून "फोटो काढावा की नाही" हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. तो फोटो कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १७ वे कलम सांगते, की मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. म्हणजे फोटो नवऱ्याने सांगून, पैसे देऊन काढून घेतला तर मालक तो. जिने कळा सोसल्या तिचे नाव त्या कलमात कुठेच नाही. कायद्याच्या नजरेत ती मालमत्ता असेल. आपल्या नीतीत ती अमानत आहे. आणि अमानत ज्याची त्याला परत करायची असते.

कळा सुरू झाल्यावर घेतलेला होकार हा होकार नव्हे. शांतपणी, आधीच्या महिन्यांत विचारावे. ऐनवेळी ती नको म्हणाली तर कॅमेरा त्याच क्षणी खाली जावा. समाईक प्रसूतिकक्षात शेजारच्या खाटेवरची बाई तर कोणी विचारलेलीच नसते. तिची सावलीही चित्रात येता कामा नये. आणि जन्मलेल्या बाळाला तर होकारच देता येत नाही. त्याची अब्रू राखणे हे आईबापांच्याच हाती.

आमच्या भाचीने हे सारे स्वतःच ठरवले होते. इस्पितळाची परवानगी घेतली. मैत्रीण डोक्याशी उभी राहिली. चाळीस दिवस फोटो कोणी पाहिले नाहीत. मग आधी तिने एकटीने पाहिले, बरेच पुसून टाकले, तीन ठेवले. जावयांनी घरच्या ग्रुपवर एक टाकू का, असे विचारले. ती नको म्हणाली, आणि त्यांनी ऐकले.

एका फोटोत तिचा घामेजलेला चेहरा आहे, खांद्यावर आपाचा हात आहे आणि छातीशी बाळ. तो तिने छापून आणला आणि अम्मीच्या हातात दिला. अम्मी बराच वेळ पाहत राहिली. आपानेही तो लपवायला सांगितले नाही.

बाईची लाज राखणे हे आपले कर्तव्यच आहे. पण ती राखताना तिलाच विचारायचे आपण विसरलो, तर आपण तिची लाज राखत नाही, आपलीच राखत असतो.