कौतिक फक्त सोसत नाही

उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली आणि कौतिक ही वऱ्हाडातल्या कष्टकरी बाईची ओळख बनली. तिची वाखाणणी होते ती मुख्यतः सोसण्याबद्दल, आणि नेमके इथेच आपले वाचन चुकते. नवरा महादेव कामात अंग चोरतो, तेव्हा बिऱ्हाड हलवून माहेरच्या तळेगावी जाण्याचा निश्चय कौतिकचा असतो. ती मजुरी करते, पैशाचा मेळ घालते, नवऱ्याला खास वऱ्हाडी बोलीत सुनावते. पुढे महादेवला महारोग होतो आणि तिने रचलेला डाव कोसळत जातो. मात्र हा डाव मांडणाऱ्या माणसाचा पराभव आहे. जी नुसती सोसते तिच्यावर वेळ येते. हरते ती, जिने काही ठरवलेले असते.

ही चूक केवळ मराठी वाचकाची नाही. महायुद्धानंतरच्या जर्मन कादंबरीतही उद्ध्वस्त समाजाने आपले उरलेसुरले निष्पापपण बाईच्या ओटीत घातलेले दिसते. हाइनरिश ब्योल यांच्या १९७१ च्या ‘ग्रुप पोर्ट्रेट विथ लेडी’मध्ये नायिका लेनी सोव्हिएत युद्धकैद्याला कॉफीचा कप देते. नाझी राजवटीत हे धाडसच होते. पण तिची कथा जुळवली जाते ती इतरांच्या साक्षींतून. ती स्वतः फारशी बोलतच नाही. त्यामुळे माणूस म्हणून दिसण्याआधी ती एका देशाच्या सद्सद्विवेकाची खूण ठरते. १९७४ च्या कातारिना ब्लूमच्या कादंबरीत मात्र ब्योल यांनीच वेगळी वाट धरली. वृत्तपत्राने बदनाम केलेली ही तरुणी बातमीदारावर गोळी झाडते. तिचे कृत्य समर्थनीय नसेल, पण ते तिचे स्वतःचे आहे.

युद्धात होरपळलेला देश आणि वऱ्हाडातले गरीब घर यांची तुलना कशी होईल, असा आक्षेप रास्त आहे. पण इथे दुःखांची मापे घ्यायची नाहीत, लेखकाने बाईकडे कोठून पाहिले एवढेच तपासायचे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: शेळके काय, ब्योल काय, दोघे पुरुषच. खरे आहे, म्हणूनच जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फ यांची १९६८ ची ‘क्रिस्टा टी.’ आणि वऱ्हाडी बोलीतून लिहिणाऱ्या प्रतिमा इंगोले यांचे लेखन शेजारी ठेवून वाचले पाहिजे. तरी लेखक पुरुष आहे एवढ्यावरून निवाडा होत नाही. वोल्फ यांची निवेदकही मृत मैत्रिणीला तिच्या कागदपत्रांतून नि आठवणींतून उभी करते, म्हणजे बाईविषयी दुसऱ्याने बोलण्याचा पेच बाईच्या लेखणीलाही चुकत नाही. फरक इतकाच, की वोल्फ तो पेच लपवत नाहीत.

पुन्हा वऱ्हाडी कादंबरीकडे वळू. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मधली शिकलेली अलका शेतकऱ्याच्या घरात रमत नाही, आणि वाचकाची सहानुभूती सहज तिचा नवरा एकनाथ याच्याकडे झुकते. न सोसणारी बाई आपल्याला अजून पटत नाही, हेच त्यातून दिसते. कौतिकला मखरात बसवणे आणि अलकाला दोष देणे या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत. वऱ्हाडी कादंबरी शिकवणाऱ्यांनी आणि तिच्यावर लिहिणाऱ्यांनी यापुढे या बायकांनी किती सोसले याआधी, त्यांनी काय ठरवले आणि ते कोणी हाणून पाडले, हे विचारावे.